पाल्याच्या यादीतलं बारावं नाव

सुमन, परवा तुझ्या जलदान विधीला मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि मी दोनाचे दोनशे केले. माझी सवय तुला ठाऊक आहे. हातात माईक आला की माझा शाळेतला तास सुरू होतो. टेलिफोन खात्यात तू किती वर्षं काढलीस, नवऱ्यामागे प्रज्ञाला एकटीने कसं वाढवलंस, कॉलनीत कुणाच्याही घरी आजारपण आलं की पहिला डबा तुझा कसा यायचा, सगळं ओळीने सांगितलं. पांढऱ्या साड्यांतल्या तुझ्या बहिणी माना हलवत होत्या. खाली बसले तेव्हा शेजारच्या देवरे वहिनी कानाशी येऊन म्हणाल्या, छान बोललात हो बाई. मला तिथून उठून घरी जावंसं वाटलं. तेरा वर्षं जे एक वाक्य तुला सांगायचं होतं, तेवढं सोडून बाकी सगळं मी बोलले होते.

तेच इथे लिहिते आहे. उशीर झाला आहे, हे तू सांगायची गरज नाही.

तुझ्या फाटकाच्या आत पाला साठलाय. तू दवाखान्यात गेलीस तेव्हा बदाम नुकताच लाल व्हायला लागला होता. आता निम्मं झाड खाली आलंय. प्रज्ञाला वेळ नाही, आणि आलेल्या पाहुण्यांना वाटतं, हे असंच असेल. तुझं अंगण असं कधीच नव्हतं. सकाळी सहाला तुझ्या खराट्याचा आवाज यायचा आणि मी चहाला आधण ठेवायचे. आता मला चहाची वेळ कळत नाही.

आपली ही बारा घरांची कॉलनी, पाथर्डी फाट्याच्या अलीकडची. आपण राहायला आलो तेव्हा सावलीला एक झुडूप नव्हतं. मग सगळ्यांनी मिळून एकाच पावसाळ्यात प्रत्येक फाटकापाशी एकेक देशी बदाम लावला. लवकर वाढतो, छत्रीसारखी सावली देतो, असं रोपवाल्याने सांगितलं होतं. पाला किती पडतो ते मात्र त्याने सांगितलं नाही. पाच-सहा वर्षांत झाडं गच्चीला लागली आणि माघ-फाल्गुनात अख्ख्या रस्त्यावर तळहातापेक्षा मोठ्या पानांचा खच पडायला लागला. जो तो आपापल्या दारासमोर ढीग करून काडी लावायचा. सकाळी शाळेला निघताना माझ्या साडीला धुराचा वास लागायचा, आणि समोरच्या घरातलं तान्हं मूल खोकून खोकून निळं पडायचं.

चौऱ्याण्णव साल असेल. सुट्टीत मी कुठलंसं तीन दिवसांचं शिबिर केलं, पाल्यापासून खत करायचं. माझं माहेर मखमलाबादचं, फुलांच्या मळ्याचं. खत मला नवीन नव्हतं, पण वहीत उतरवून घेतलेल्या ज्ञानाची ऐट वेगळी असते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी मी शिबिरातून घरीसुद्धा न जाता थेट महिला मंडळाच्या बैठकीत पोचले. मोकळ्या भूखंडावर एक मोठा खड्डा खणू. एक थर पाला, वर शेणकाला, वर मूठभर माती, पाणी, की पुन्हा पाला. पंधरा दिवसांनी उलटापालट. पावसाळ्याआधी काळं भुसभुशीत खत तयार, आणि धूर कायमचा बंद. सगळ्या हो म्हणाल्या. तूही म्हणालीस. कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होतीस, ड्यूटीवरून तशीच आलेली. तू एकच प्रश्न विचारलास, रस्त्यावरचा पाला खड्ड्यापर्यंत कोण नेणार. मी म्हटलं, आळीपाळीने, आठवड्याला एक घर. मी यादी करते.

ती यादी मी रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर केली. शाळेचा आखीव कागद होता, लाल पेनाने समास मारलेला. पहिल्या ओळीवर मी तुझं नाव लिहिलं. का, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. पेन टेकवलं आणि तुझं नाव आलं, इतकं सहज. मग बाकीची दहा, जशी सुचली तशी. आणि शेवटी माझं. आपलं नाव शेवटी लिहिणं याला आपल्याकडे नम्रपणा म्हणतात, आणि मला त्या नम्रपणाचा तेव्हा अभिमानही वाटला.

यादी मी विजेच्या खांबाला चिकटवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू माझ्या दारात उभी राहिलीस. आत ये म्हटलं तर आली नाहीस. तेव्हा आपण एकमेकींना तुम्ही म्हणत होतो.

"बाई, यादीत माझं नाव पहिलं कसं आलं?"

नुसतं विचारलंस. आवाज चढला नव्हता. तोच तुझा एक्स्चेंजमधला आवाज, नंबर विचारावा तसा. आणि मी, पोरांना खरं बोलायला शिकवणारी, क्षणभरही न अडखळता म्हटलं, "चिठ्ठ्या टाकल्या हो. तुमची पहिली निघाली."

तू माझ्याकडे पाहिलंस. "बरं," म्हणालीस आणि गेलीस. आतून आमच्या ह्यांनी विचारलं, चिठ्ठ्या कधी टाकल्यास. मी त्यांना गप बसा म्हटलं.

सुमन, चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या.

लिहून झालं. एवढंच होतं. एवढं लिहायला तुला जावं लागलं, याची मला लाज वाटते. पण एवढंच लिहून थांबले तर ते पुन्हा माईकवरच्या भाषणासारखं होईल, तेव्हा पुढचंही लिहिते.

पहिला आठवडा तुझा होता. तू आली नाहीस. रविवारी सकाळी आम्ही पाचसहा जणी नवाकोरा खड्डा बघत उभ्या, रस्त्यावर पाला तसाच, आणि तुझ्या अंगणाच्या कोपऱ्यातून धुराची रेघ वर चाललेली. तू नेहमीसारखं तुझ्यापुरतं झाडून पेटवलं होतंस. मी तरातरा तुझ्या फाटकाशी आले. शिकलेल्या बाईने असं करावं का, इथून सुरुवात केली. समोरच्या तान्ह्या मुलाचं सांगितलं. तू खराटा धरून उभी होतीस, काही बोलत नव्हतीस, आणि समोरचं माणूस बोललं नाही की माझी जीभ जास्तच चालते. मी म्हटलं, "पालाच तर आहे, गांगुर्डेबाई. त्यात लाजायचं काय?"

तू म्हणालीस, "पालाच आहे. पण घमेलं डोक्यावरच घ्यायचं ना, बाई?"

मला वाटलं, तुला ओझ्याचं वाटतंय. खरंच तसं वाटलं. कॉलनीत बौद्धांचं घर तुझं एकटीचं, हे मला माहीत होतं. पण ते आणि हे घमेलं यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. उलट मी चिडले. घरी येऊन म्हटलं, नोकरी करते म्हणून मिजास आहे.

खड्डा काही टिकला नाही. दोन घरांनी पाळी नीट केली. तिसऱ्या घराने आपल्या कामवालीला पाठवलं, मग चौथ्यानेही तिलाच. त्या बाईला चार घरांची धुणीभांडी होती, ती पाला खड्ड्यात ढकलून जायची. उलटापालट कुणी करेना. मग कुणीतरी उष्टं टाकलं, कुणी प्लास्टिकच्या पिशव्या. वास सुटला, कुत्री आली, माश्या झाल्या. सातव्या आठवड्यात मंडळाने ठरवून खड्डा बुजवला. बारावा आठवडा आलाच नाही. श्रमदानावर सगळ्यात जास्त बोलणाऱ्या माझ्यावर पाला उचलायची वेळ एकदाही आली नाही. आणि मी मात्र सांगत सुटले की पहिल्याच घराने माळ तोडली, म्हणून सगळे मणी सुटले. ते तुझ्या कानावर गेलं असणार. आपल्या कॉलनीत काय कानावर जात नाही.

पाच महिने आपण बोललो नाही. दूधवाल्यापाशी समोरासमोर आलो की तू घड्याळ बघायचीस आणि मी आभाळ.

मग श्रावणात आमचे दादा, माझे वडील, मळ्यात पडले. भाऊ फौजेत, पार आसामच्या कुठल्या टोकाला, तिथे नंबर फिरवून फोन लागायचा नाही, ट्रंक कॉल लावावा लागायचा. मी शेजारच्या घरून बुक केला. पलीकडून आवाज आला तो तुझा. तू मला ओळखलंस, मीही तुला. दोघींनी नाव घेतलं नाही. दीड तास तू त्या लाइनमागे लागली होतीस. मध्येच तुझा आवाज यायचा, "ठेवू नका हां. धरून ठेवा." मी रडायला लागले तेव्हाही तू तेच म्हणालीस, फक्त हळू. शेवटी म्हणालीस, "बोला, लागलाय." भाऊ वेळेवर पोचला. दादांनी त्याच्या हातचं पाणी घेतलं. हे मी तुला शंभर वेळा सांगितलंय, पुन्हा सांगते. ते पाणी तुझ्यामुळे पोचलं.

दादांचे दिवस झाल्यावर मी तुझे आभार मानायला आले. तू ड्यूटीवर होतीस. पायरीवर तुझी आई बसली होती, सिन्नरकडच्या गावाहून नुकतीच आलेली. मला म्हणाली, बसा ना बाई. आणि मी कोण हे कळल्यावर तुझ्याबद्दल बोलायला लागली. "सुमीला म्या येकच गोष्ट शिकिवली. सोताचं आंगन झाडायचं, लख्ख झाडायचं. दुसऱ्याच्या दारातली काडी उचलायची नाय."

मग तिने सांगितलं. नऊ वर्षांची असल्यापासून ती पाटलाचं अंगण, चावडी आणि खळं झाडायची. झाडलेलं घमेल्यात भरून, डोक्यावर घेऊन, अख्ख्या गावातून उकिरड्यावर न्यायची. पाटलीण वरून पदरात भाकरी टाकायची, हाताला हात लागू न देता. तू शाळेत जायला लागलीस तेव्हा एकदा आईच्या मदतीला म्हणून खराटा उचललास, आणि आईने आयुष्यात पहिल्यांदा तुला मारलं. हे सगळं ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. शेंगा सोलता सोलता सांगत होती, आणि मला एकेक दाणा खायला देत होती.

मग तिने विचारलं, "तुमचं म्हायेर कुठलं?"

मखमलाबाद, म्हटलं. मळा आहे आमचा, फुलांचा.

"मंग तुमच्याकडं झाडायला कोन यायचं?"

"यायची एक बाई," मी म्हटलं.

"नाव काय तिचं?"

सुमन, मला नाव आठवलं नाही. ती बाई रोज पहाटे यायची. तिच्या हातातल्या काचेच्या हिरव्या बांगड्या मला आठवतात. मागच्या दाराशी उभी राहायची ती जागा आठवते, माझी आई कोरड्यास वरून ओतायची तो तांब्या आठवतो. माझं सगळं लहानपण तिने झाडलेल्या अंगणात गेलं, आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. तुझ्या आईने आणखी एक शेंग फोडली, म्हणाली, "आसू द्या. लय दिस झालं आसतील."

त्या दिवशी घरी येताना मला कळलं की पहिल्या ओळीवर तुझं नाव का आलं. माझ्या डोक्याने लिहिलं नव्हतं, असं म्हणून मी सुटू शकते. पण हात माझाच होता. अंगण झाडायला आधी कोण येतं, हे त्या हाताला लहानपणापासून पाठ होतं.

तेव्हाच येऊन तुला सांगायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी आले, पण हातात शेवंतीची रोपं घेऊन आले. आभार मानले. माफी मागितली ती फाटकाशी बोलले त्याची, यादीची नाही. तू रोपं घेतलीस, चहा केलास, आणि बदामाखाली काय चाललंय ते दाखवलंस.

बदामाच्या बुंध्याभोवती तू फुटक्या विटांचं गोल आळं केलं होतंस, गुडघाभर उंच. पडलेला पाला त्यातच. वर तांदूळ धुतलेलं पाणी, अधूनमधून शेणकाल्याचा एखादा तांब्या, आणि कुंडीतली जुनी माती. ना खड्डा, ना धूर. म्हणालीस, "उचलायचंच कशाला, बाई? पान ज्याच्यावरून पडलं त्याच्याच बुडाशी ठेवायचं. प्रत्येकाचा पाला प्रत्येकाच्या दारात. कुणी कुणाचा डोक्यावर घ्यायचा नाही."

माझ्या तीन दिवसांच्या शिबिरात हे कुणाला सुचलं नव्हतं. बारा घरांचा पाला एका जागी नेण्यासाठी मी यादी केली, पाळ्या लावल्या, भांडणं केली. तू एवढंच पाहिलंस की तो नेण्याची गरजच नाही. दोन वर्षांत कॉलनीत दहा आळी झाली. काडी लावणं बंद झालं. समोरचं ते तान्हं मूल आता आठवीत आहे आणि फुटबॉल खेळतं.

मी अर्थातच लगेच हार मानली नाही. वाळवी लागेल, म्हटलं. विंचूकाट्याची भीती. बदामाचं पान जाड, वर्षभर कुजायचं नाही. ढीग मोठा हवा, तो आतून तापला पाहिजे, तरच किडीची अंडी मरतात. तू म्हणालीस, "तापायची घाई तुला आहे, पानाला नाही." तोवर आपण तुम्हीवरून तूवर आलो होतो, फक्त तू मला बाईच म्हणत राहिलीस. पानं लवकर कुजावीत म्हणून तू ती फाटकापुढे पसरून त्यावरून लूना पुढे-मागे न्यायचीस. अख्खी कॉलनी हसायची. मी पायरीवरून ओरडायचे की ही पिठाची गिरणी नाही. मग मी माझ्या परसात हट्टाने खड्डाच केला, आणि दरवर्षी आपलं भांडण, खड्डा की आळं. मागच्या वर्षी आपण दोन कुंड्यांत शेवंती लावल्या, एकीत तुझं खत, एकीत माझं. दोन्ही सारख्याच फुलल्या. तू म्हणालीस, माझी जरा जास्त पिवळी आहे. मी म्हटलं, तुझा चष्मा पिवळा आहे. ते भांडण तसंच राहिलं. यंदा पुन्हा लावायच्या ठरल्या होत्या.

आणि तुझं ते वाक्य. कॉलनीत काहीही ठरवायचं असलं, गणपतीत नाटकात सासू कोण होणार, देवळाली कॅम्पला सहलीला जायचं तर पुऱ्या कुणी करायच्या, तू गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बघायचीस. "चिठ्ठ्या टाकू या का, बाई?" सगळ्या हसायच्या. ती तुझी लकब झाली होती. सगळ्यात मोठ्याने मी हसायचे. पहिली एक-दोन वर्षं मी स्वतःला सांगितलं की ही सहज बोलते. मग मला कळलं की तू सहज बोलत नाहीस. तू दर वेळी मला जागा करून देत होतीस, की ह्या वेळी तरी बोल. टोमणा असता तर त्यात कडवटपणा आला असता, आणि तेरा वर्षांत तो मला एकदाही ऐकू आला नाही. त्या दिवशी ट्रंकवर म्हणालीस तसंच होतं ते, ठेवू नका, धरून ठेवा. मी दर वेळी हसून फोन ठेवत राहिले.

मला भीती वाटायची, सुमन. तुझ्या रागाची नाही. मला वाटायचं, ते वाक्य बोलले तर तुझ्या पायरीवरचा माझा चहा पहिल्यासारखा राहणार नाही. तुला आधीच माहीत होतं आणि तरी तू चहा देत होतीस, हे मला कळत असूनही भीती वाटायची. शहाण्या माणसाला हे समजावता येणार नाही.

दवाखान्यात शेवटच्या आदल्या दिवशी तू शुद्धीवर होतीस. नळी लावलेली, आवाज खोल गेलेला. मला विचारलंस, बदाम झडायला लागला का. लागलाय, म्हटलं. "झाडणार कोण?" म्हणालीस. मी म्हटलं, बघू, प्रज्ञा आहे, मी आहे. तू डोळे मिटलेस आणि ओठांच्या कोपऱ्यात ते हसू आलं. "चिठ्ठ्या टाका," म्हणालीस.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. माझा हात तुझ्या हातावर होता. वाक्य घशापर्यंत आलं होतं, शप्पथ सांगते. तेवढ्यात नर्स बाटली बदलायला आली. मी बाजूला झाले आणि म्हटलं, उद्या येते. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तू कुणालाच ओळखत नव्हतीस.

इथवर काल दुपारी लिहिलं होतं. संध्याकाळी प्रज्ञा आणि मी तुझ्या पायरीवर बसलो होतो. ती रविवारी पुण्याला जाणार, घर बंद राहणार. तिने विचारलं, "काकू, आई नर्सलाही सांगायची, चिठ्ठ्या टाका. ते काय होतं नेमकं?" मी सगळं सांगितलं. कागद, लाल समास, पहिली ओळ, माझ्या माहेरची ती बाई, सगळं. ती मान खाली घालून ऐकत होती. तिची मान थेट तुझी आहे.

"मग आईला माहीत होतं?"

हो, म्हटलं.

"आणि तिला माहीत आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

यालाही हो म्हटलं. तेवढ्यात बदामाची दोन-तीन पानं पडली. ती म्हणाली, "मग दोघी कशाची वाट बघत होतात?" रागाने नाही म्हणाली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तू तिथे असतीस तर काही बोलली असतीस.

मी तिला विचारलं, उद्या अंगण झाडू का. ती म्हणाली, "आईला आवडलं नसतं. कुणी कुणाचं उचलायचं नाही म्हणायची. पण मला विचारत असाल तर झाडा."

आज सकाळी सहाला मी माझा खराटा घेऊन तुझं फाटक उघडलं. आधी अंगण झाडलं, आळ्यात लोटलं, वर पाणी मारलं. तुझ्याइतकं लख्ख झालं नाही. खराट्याच्या रेघा वाकड्या आल्या. मग मी रस्त्यावर आले. यादीत तसंच लिहिलं होतं ना, माझ्याच हाताने, रस्त्यावरचा बारा घरांचा पाला पाळीवाल्या घराने उचलायचा. पार टोकाच्या घरापासून झाडत आले. अठ्ठावन्नाव्या वर्षी कंबर काय म्हणते ते विचारू नकोस. खड्ड्याच्या जागी आता बाक आहे, म्हणून पाला तुझ्याच आळ्याकडे न्यायचं ठरवलं. घमेलं भरलं. कडेवर घेऊन पाहिलं, जमेना, पानं सांडत होती. शेवटी पदराची चुंबळ केली आणि डोक्यावर घेतलं.

पाला हलकाच होता, सुमन. पण घमेलं डोक्यावर असलं की मान वळवता येत नाही. समोर बघत चालावं लागतं. दोन्ही बाजूंना दारं उघडत होती, दुधाची भांडी वाजत होती. कोण कोण बघतंय ते मला दिसत नव्हतं. त्यांना मात्र मी दिसत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी अशी चालले, आणि तीही बारा घरांचा रस्ता, अख्खं गाव नव्हे.

मागून देवरे वहिनींचा आवाज आला. "अहो बाई, तुम्ही कशाला? लावायची ना कामाला कुणीतरी एखादी."

मला वळता आलं नाही. तशीच चालत म्हटलं, "माझी पाळी आहे."